जावळाची तारीख

«ताई, नमस्कार. वय ३१. गाव परभणी जिल्ह्यात. सहा वर्षांपासून पुण्यात, नवी पेठेत राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो. राज्यसेवेची मेन्स तीनदा दिली. एकदा मुलाखतीपर्यंत गेलो, नऊ मार्कांनी राहिलो. कंबाईनला एकदा दीड मार्काने गेलं. माझ्यासोबत रूमवर असलेल्या तिघांच्या पोस्ट निघाल्या. त्यातल्या एकाचा गावात सत्कार होता, मिरवणूक, गुलाल, सगळं. मला आग्रहाने बोलावलं होतं. मी ताप आहे म्हणून कळवलं. पोटात सकाळपासून आग पडली होती, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं.

बहिणीच्या लग्नात अक्षता पडल्या आणि पंगत बसायच्या आत मी मागच्या बाजूने एसटी स्टँड गाठला. ‘काय चाललंय सध्या?’ हे ऐकायचं नव्हतं. तिला मुलगा झाला, आता तो सव्वा वर्षाचा आहे. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं म्हणून तिने तारीख दोनदा पुढे ढकलली. दोन्ही वेळा मी ‘मेन्स झाल्यावर बघू’ म्हणालो. भाच्याला फक्त मोबाइलवर पाहिलंय.

मी आधी असा नव्हतो. चौथीच्या स्कॉलरशिपला तालुक्यात पहिला आलो तेव्हा वडिलांनी खांद्यावर बसवून पारापर्यंत नेलं होतं, पेढे वाटले होते. लहानपणीचं तेवढंच लख्ख आठवतं. आता अभ्यासिकेत नवीन पोरं शंका विचारतात तर मी सांगत नाही. मनात म्हणतो, यांचं काही होणार नाही. रात्री स्वतःचाच राग येतो. मेसच्या काकूंची मुलगी सातवीत आहे, तिला रोज तासभर गणित शिकवतो, तेवढा वेळ बरा जातो. बाकी दिवस नुसता ढकलतो.

पोस्ट निघाली की सगळं नीट होईल हे माहीत आहे. गावी जाईन, आईजवळ चार दिवस राहीन, बहिणीकडे जाईन, वडिलांशी मान वर करून बोलेन, लग्नाचं बघेन. पण तोवर हा न्यूनगंड मुळापासून कसा काढू? आत्मविश्वास वाढवण्याचा एक ऑनलाइन कोर्स आहे, फी आठ हजार. करू का?»

— स., पुणे

प्रिय स.,

पत्रात ताई म्हणालास म्हणून अरे-तुरे करते. कोर्सचं आधी सांगून टाकते: करू नकोस. आठ हजारांत परभणीला जाऊन-येऊन भाच्याला कपडे, बहिणीला साडी होईल आणि तरी पैसे उरतील.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. किती मार्कांनी काय गेलं ते तू काटेकोरपणे लिहिलंस, आणि जावळाची गोष्ट दोन-तीन ओळींत उरकलीस. मी मात्र दर वेळी तिथेच अडले. एक बाई सव्वा वर्षाच्या लेकराचे केस तसेच वाढू देते. परभणीच्या उन्हाळ्यात त्याच्या मानेला घामोळं येत असेल, केस डोळ्यांत जात असतील. घरातले विचारतात, कधी काढायचं? आणि ती सांगते, थांबा, त्याच्या मामाला अजून वेळ नाही. सासरी हे वाक्य दोनदा बोलायला काय लागतं, ते कुठल्याही सासुरवाशिणीला विचार. तुझ्या बहिणीने तुझा निकाल विचारला नाही. तिला तुझी मांडी हवी आहे.

पुढे लिहिण्याआधी एक विचारून घेते. ‘दिवस नुसता ढकलतो’ असं तू लिहिलंस. जगूच नये असा विचार कधी मनात डोकावत असेल, तर या पत्राच्या उत्तरावर थांबू नकोस. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, आणि मराठीतून बोलता येतं. पोटातली आगही एकदा डॉक्टरांना दाखव. मनाचा त्याच्याशी संबंध असेल असं मला वाटतं, पण सहा वर्षं मेसचं जेवण आणि रात्रीचा चहा यांचाही असू शकतो.

आता न्यूनगंडाकडे येऊ. हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. पोरगं पाहुण्यांसमोर लाजलं तरी न्यूनगंड, इंग्रजी बोलताना अडखळलं तरी न्यूनगंड. ज्या कल्पनेसाठी मराठीत हा शब्द आला, ती जगभर पोचवली ती आल्फ्रेड अॅडलर या व्हिएन्नाच्या डॉक्टराने. त्याची ओळख तुला करून द्यावीशी वाटते, कारण त्याची कहाणी तुला परकी वाटणार नाही.

१८७० साली व्हिएन्नाच्या कडेला असलेल्या एका उपनगरात, धान्याचा व्यापार करणाऱ्या ज्यू घरात तो जन्मला. त्याला मुडदूस झालेला. त्याचा थोरला भाऊ धडधाकट, पळणारा-उड्या मारणारा, आणि हा अंगाला पट्ट्या बांधलेला, बाकावर बसून त्याच्याकडे बघणारा. तीन-चार वर्षांचा असताना धाकटा भाऊ शेजारच्या बिछान्यात मरण पावला. त्यानंतर लवकरच त्याला स्वतःला न्यूमोनिया झाला आणि डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं की पोराची आशा सोडा. शाळेत गणितात तो इतका कच्चा की वर्ग पुन्हा करावा लागला. शिक्षकांनी वडिलांना सल्ला दिला, याला शाळेतून काढा आणि चांभाराकडे कामाला लावा. वडिलांनी ऐकलं नाही. पोराने गणित धरलं आणि वर्गात सर्वांत पुढे गेला. १८९५ मध्ये तो डॉक्टर झाला.

ही गोष्ट ‘बघ, तोही नापास झाला होता, तूही जिंकशील’ म्हणून सांगत नाहीये. तसल्या गोष्टी तुझ्या अभ्यासिकेच्या भिंतीवर ढिगाने चिकटवलेल्या असतील, आणि त्या तुला रोज थोडं आणखी कमी वाटायला लावत असतील. अॅडलरने पुढे काय पाहिलं ते मला सांगायचंय. त्याचा दवाखाना प्राटर या व्हिएन्नाच्या मोठ्या करमणूक-बागेजवळ होता. बारा महिने जत्रा भरावी तशी ती जागा. सर्कशीतले कसरतपटू, डोंबाऱ्याचे खेळ करणारे लोक त्याच्याकडे येत. त्याच्या लक्षात आलं की अंगाने तयार झालेल्या यातल्या कित्येकांची लहानपणी प्रकृती अगदी नाजूक होती. जिथे उणं होतं तिथेच त्यांनी जोर लावला होता. यातून त्याचा पहिला मोठा विचार १९०७ मध्ये पुस्तकरूपाने आला. तेव्हा तो मनोविश्लेषणाची सुरुवात करणाऱ्या सिग्मंड फ्रॉइडच्या मंडळात होता. १९०२ मध्ये फ्रॉइडने स्वतः त्याला बोलावून घेतलं होतं. पण माणसाला मागून ढकलणाऱ्या वासनांपेक्षा पुढून ओढणारं ध्येय अॅडलरला महत्त्वाचं वाटू लागलं, आणि १९११ मध्ये तो तिथून बाहेर पडला.

त्याने दोन गोष्टी वेगळ्या मानल्या, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर या फरकात आहे. पहिली गोष्ट, कमीपणा वाटणं. हे सगळ्यांना वाटतं. प्रत्येक मूल आपल्याहून मोठ्या, बळकट, सगळं येणाऱ्या माणसांच्या घोळक्यात वाढतं, त्यामुळे आपण अपुरे आहोत ही जाणीव माणूस असण्यातच आली. तीमुळे माणूस चालायला शिकतो, बोलायला शिकतो, घर बांधतो, औषध शोधतो. दुसरी गोष्ट, न्यूनगंड. तिथे माणूस उणीव भरून काढायचं थांबवतो आणि तीच उणीव कारण म्हणून पुढे धरतो. लोकांपुढे आणि स्वतःपुढेही. मी असा आहे, म्हणून मला बोलावू नका, म्हणून आत्ता नको, नंतर बघू. अॅडलर म्हणायचा की असं अडकलेलं माणूस कधी सरळ नकार देत नाही. ते ‘हो, पण’ म्हणतं. येईन, पण मेन्स झाल्यावर.

तेव्हा कमीपणाची भावना मुळापासून काढायचा विचार सोडून दे. ती निघत नाही, काढायचीही नसते. आपल्या भाषेत कमीपणा ‘वाटतो’ तसा तो ‘घेताही’ येतो. घरात भांडण झालं की आजी म्हणायची ना, तू जरा कमीपणा घे. ज्याला कमीपणा घेता येतो त्याला आपण मोठ्या मनाचा म्हणतो. वाटणाऱ्या कमीपणाने माणूस चार माणसांतून उठून जातो. घेतलेल्या कमीपणाने तो तिथेच टिकतो, आणि दुसऱ्यालाही टिकू देतो.

अॅडलर पेशंटला एक प्रश्न विचारायचा: तुम्ही उद्या पूर्ण बरे झालात तर काय कराल? साधा वाटतो, पण पेशंट जे उत्तर देई, त्यात बहुतेक वेळा तो नेमकं काय टाळतोय ते उघडं पडे. मला तुला हा प्रश्न विचारायची वेळच आली नाही. उत्तर तू आधीच लिहून पाठवलंस. पोस्ट निघाली की गावी जाईन, आईजवळ राहीन, बहिणीकडे जाईन, वडिलांशी मान वर करून बोलेन, लग्नाचं बघेन.

ही वाक्यं कागदावर काढ आणि एकेक नीट वाच. आईजवळ चार दिवस राहायला राजपत्रित अधिकारी असावं लागतं का? एसटीत बसायला हॉलतिकीट लागतं का? लग्नाचं एक बाजूला ठेव, तिथे कमाईचा प्रश्न खरोखर येतो. बाकी सगळं आजही करता येण्यासारखं आहे, आणि ते न करण्याला परीक्षा हे इतकं भक्कम कारण मिळालंय की त्याला कोणी हरकत घेऊ शकत नाही. पोरगा अभ्यास करतोय म्हटल्यावर आईसुद्धा गप्प बसते.

मी हे लिहितेय आणि मला माहीत आहे की तुला ते बोचेल. म्हणून स्पष्ट सांगते: तू ढोंग करतोयस असं मी म्हणत नाही. सत्काराच्या दिवशी पोटात आग पडली होती ती खरीच होती. अॅडलरचं म्हणणंही असंच होतं की त्रास खरा असतो, आणि आपण तो कशासाठी वापरतोय हे माणसाला स्वतःला ठाऊक नसतं. मानाला धक्का बसेल अशा जागेपासून शरीर त्याला दूर ठेवतं. त्या दिवशी पोटाने तुझं रक्षण केलं. मित्राच्या कपाळावरचा गुलाल तुला बघावा लागला नाही. पण मित्राने मिठी मारली असती, तीही हुकली.

आता खांद्यावर बसून पारापर्यंत गेल्याची आठवण. अॅडलर माणसाच्या लहानपणीच्या आठवणींना फार महत्त्व द्यायचा. त्या जशाच्या तशा खऱ्या असतात असं त्याला वाटत नव्हतं. हजार गोष्टींतून नेमकी हीच का जपून ठेवली, हा त्याचा प्रश्न असे. त्याची स्वतःचीच एक आठवण आहे. पाच वर्षांचा असताना शाळेच्या वाटेवर कब्रस्तान लागायचं. सोबतची मुलं सहज जायची, हा घाबरायचा. एक दिवस त्याने दप्तर खाली ठेवलं आणि कब्रस्तानातून बारा वेळा इकडून तिकडे पळाला, भीती जाईपर्यंत. ही आठवण त्याला आयुष्यभर बळ देत होती. पस्तिशीत जुना वर्गमित्र भेटला तेव्हा त्याने त्या कब्रस्तानाची चौकशी केली. मित्र म्हणाला, तिथे कब्रस्तान कधी नव्हतंच. अॅडलरने इतरांनाही विचारलं, सगळ्यांनी तेच सांगितलं. मनाला धीराची गरज होती, म्हणून मनाने कब्रस्तान उभं केलं होतं.

तुझी आठवण खरी असणार, त्याबद्दल मला शंका नाही. पण तू ती एकटीच ठेवलीस. वडिलांच्या खांद्यावर बसायचं तर पहिलं यावं लागतं, असा नियम नऊ-दहा वर्षांच्या पोराने त्या दिवशी मनात लिहून ठेवला, आणि तो आजवर तसाच चालू आहे. अॅडलर याला जगण्याची धाटणी म्हणायचा. लहानपणी अर्धवट समजेतून बेतलेली, आणि मग त्याच मापाचे कपडे माणूस आयुष्यभर शिवत राहतो. त्या नियमात तीन मेन्स देणारा, मुलाखतीपर्यंत पोचलेला माणूस बसत नाही, कारण तो पहिला आला नाही. मला सांग, वडिलांनी तुला फक्त त्याच दिवशी खांद्यावर घेतलं होतं? पोळ्याला बैल बघायला, जत्रेत, ओढ्याला पाणी आलं तेव्हा? ताप आला तेव्हा दवाखान्यात चालत नेलं की उचलून? तुला आठवत नसेल. त्यांना आठवेल. पुढच्या फोनवर निकालाचं काही बोलू नकोस, हे विचार.

अभ्यासिकेतल्या नव्या पोरांबद्दल तू जे कबूल केलंस, त्याचं मला कौतुक वाटलं. इतकं सहसा कोणी लिहीत नाही. मराठीत न्यूनगंडाला जोड म्हणून अहंगंड हा शब्द आहे, आणि अॅडलरच्या मते ही एकाच नाण्याची दुसरी बाजू. ज्याला आपण खाली आहोत असं सतत वाटतं, त्याला कोणीतरी आपल्याही खाली लागतं. ‘यांचं काही होणार नाही’ हे वाक्य मनात उच्चारलं की अर्धा मिनिट बरं वाटतं, आणि रात्री स्वतःचा राग येतो. राग येतो हे चांगलं लक्षण आहे. तुझ्या आतलं काहीतरी या वर-खालीच्या हिशेबाला अजून राजी झालेलं नाही.

इथे मला अॅडलरशी थोडं भांडायचंही आहे. त्याच्या चौकटीत काहीही बसवता येतं, हा आक्षेप नवा नाही. कार्ल पॉपर हा तत्त्वज्ञ तरुणपणी अॅडलरच्या हाताखाली व्हिएन्नातल्या मुलांसाठी काम करत होता. १९१९ मध्ये त्याने अॅडलरला एका मुलाची हकिगत सांगितली. अॅडलरने मुलाला न पाहताच ती न्यूनत्वाच्या सिद्धान्तात झटकन बसवून दाखवली. इतकी खात्री कशी, असं विचारल्यावर तो म्हणाला, हजारदा आलेला अनुभव. पॉपरला ते रुचलं नाही, आणि मलाही रुचत नाही. थोरला असा, मधला तसा, शेंडेफळ असं, हे अॅडलरचं जन्मक्रमाचं म्हणणंही नंतरच्या मोठ्या अभ्यासांत फारसं टिकलेलं नाही. म्हणून मी वर तुझ्याबद्दल जे लिहिलं ते निदान समजू नकोस. तुझ्या अंगाला लागतंय तेवढं घे, लागत नाही ते टाकून दे.

आणि दुसरं, मनाच्या बाहेरचं. हजारो पोरं मोजक्या जागांसाठी वर्षानुवर्षं बसतात. जाहिरात लांबते, तारखा बदलतात, निकाल अडकतात. गावाकडे शेतीचं काही खरं नाही म्हणून बाप म्हणतो, तू साहेब हो. हे तुझ्या मनाचे खेळ नाहीत. अॅडलरने हे नाकारलं नसतं. मनाचे सिद्धान्त मांडण्याआधी, १८९८ मध्ये, त्याने शिंप्यांच्या आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. कोंदट खोल्या, वाकून बसणं, तासन्‌तास काम यांनी शिंपी आजारी पडतात, आणि हे बदलायचं तर कामाची परिस्थिती बदलली पाहिजे, असं त्यात आहे. दीड मार्काने गेलेली परीक्षा तुझी लायकी सांगत नाही. जागा किती होत्या आणि रांग केवढी होती, ते सांगते. तुझ्यात काही कमी आहे म्हणून हे झालं, असं मी म्हणणार नाही आणि कोणी म्हटलं तर ऐकू नकोस.

पण रांगेत उभं असताना माणसं तोडायची, हे आयोगाने सांगितलेलं नाही. अॅडलर जिथे मला सर्वांत जवळचा वाटतो ती ही जागा.

पहिल्या महायुद्धात तो लष्करी डॉक्टर होता. त्यातून आला आणि एकाच गोष्टीवर भर देऊ लागला. जर्मनमधला त्याचा शब्द लांबलचक आहे, मराठीत मी त्याला साधं ‘आपण यांच्यातले आहोत ही जाणीव’ म्हणते. दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघता येणं, दुसऱ्याच्या कानांनी ऐकता येणं. त्याच्या मते मन ठीक आहे की नाही हे यावरून ठरतं: माणसाला आपली जागा चार माणसांत वाटते का, आणि तो त्या चौघांच्या कामी येतो का. काम, माणसांशी संबंध आणि प्रेम, आयुष्य हे तीन प्रश्न सगळ्यांपुढे टाकतं असं तो म्हणायचा. तू सहा वर्षांपासून पहिला प्रश्न सोडवतोयस आणि बाकीचे दोन ‘नंतर’ म्हणून ठेवलेत. राज्यसेवेच्या पेपरात अवघड प्रश्न सोडून पुढे जातात. इथे तो प्रश्न मागे राहत नाही. भाचा सव्वा वर्षाचा आहे, थांबणार नाही.

१९२० च्या दशकात व्हिएन्नाच्या शाळांमधून अॅडलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी पंचविसाहून अधिक सल्ला केंद्रं चालवली. शिक्षक, आईवडील, मूल, सगळे एकत्र बसत आणि चारचौघांसमोर बोलणं होई. १९३४ मध्ये ऑस्ट्रियात हुकूमशाही आली आणि ही केंद्रं बंद पडली. पेशंटला एका खोलीत आडवं झोपवून त्याचं भूतकाळाचं ऐकत राहण्यापेक्षा, समोरासमोर खुर्च्या टाकून बसणं त्याला पसंत होतं. आणि खिन्न झालेल्या माणसांना तो एक औषध सांगायचा: रोज विचार करा की आज कोणाला बरं वाटेल असं आपल्याला काय करता येईल, आणि बघा, चौदा दिवसांत फरक पडेल. चौदा दिवसांचं वचन मी देणार नाही. खरं नैराश्य असं जात नाही, त्याला डॉक्टर लागतो. पण हे औषध तू आधीच घेतोयस, आणि तुझ्या लक्षात आलेलं नाही.

मेसच्या काकूंची मुलगी. सगळ्या पत्रात ‘बरा’ हा शब्द एकदाच आलाय आणि तो त्या तासाबद्दल आहे. त्या तासात काय होतं ते आठवून बघ. तिला अपूर्णांक कळत नाहीत. तू एका पद्धतीने सांगतोस, कळत नाही, मग भाकरीचे तुकडे करून दाखवत असशील. तिचा चेहरा उजळतो. त्या वेळी तुझा कट-ऑफ किती होता, हे तिला माहीत नसतं आणि तुलाही आठवत नसतं. तू स्वतःकडे बघत नसतोस, तिच्या वहीकडे बघत असतोस. उद्या ती सांगेल, दादाने शिकवलं. तुझी लायकी मोजायला बसलेलं कोणी तिथे नाही आणि तुझी गरज मात्र आहे. तू विचारलंस तो आत्मविश्वास मला त्या तासात दिसतो. तो वाढवायचा असेल तर तो तास वाढव. अभ्यासिकेतल्या ज्या पोराला तू शंका सांगितली नाहीस, त्याच्याकडे उद्या स्वतःहून जा. चहाला घेऊन जा. त्याला सांग की मुलाखतीत मला काय विचारलं, आणि माझं कुठे चुकलं. चुकलेलं सांगताना घसा कोरडा पडेल. तरी सांग. तुझ्याकडे सहा वर्षांचं जे साठलंय ते त्याला कुठल्याही क्लासमध्ये मिळणार नाही.

परीक्षा सोडू का, हे तू विचारलेलं नाहीस, पण प्रत्येक ओळीखाली ते दिसतं. मी सोड म्हणणार नाही, देत राहा असंही म्हणणार नाही. एवढंच सांगते की हा निर्णय खोलीत एकट्याने घेऊ नकोस. किती प्रयत्न, कुठल्या महिन्यापर्यंत, आणि त्यानंतर काय, हे वडिलांशी बसून ठरव. तू त्यांच्यासमोर मान खाली घालून बोलशील, हरकत नाही. मान वर आली की मग बोलू म्हणत थांबलास तर आणखी एक मेन्स निघून जाईल. दरम्यान शिकवणीचं काम मिळतंय का बघ, तुला ते येतं हे मला पत्रावरून दिसतंय. थोडी कमाई सुरू झाली की घरून पैसे मागवतानाचा तो जो आवंढा आहे, तो जरा कमी होईल.

आता बहिणीचं. आजच फोन कर, मेसेज नको. ‘मी येतोय, तू म्हणशील तो वार’ एवढंच म्हण. लग्नातून निघून गेलो त्याची माफी माग, लांबण न लावता. ती रडेल बहुतेक, रडू दे. आदल्या दिवशीच जा. परभणीची गाडी सुटेपर्यंत पोटात आग पडू शकते, गोळी सोबत ठेव आणि गाडीत बस.

तिथे पाहुणे असतीलच, आणि कोणी तरी विचारणार, काय चाललंय सध्या. ‘अभ्यास चालू आहे, मेसच्या काकूंच्या मुलीला गणित शिकवतो’ असं खरं तेच सांग. आणि पंगत बसली की या वेळी स्टँडवर जाऊ नकोस. भाताचं पातेलं उचल आणि वाढायला उभा राहा. पंगतीत सगळे एकाच जमिनीवर बसतात आणि वाढणाऱ्याकडे सगळे बघतात ते पुढचा घास हवा म्हणून. कोणाला किती भात, कोणाला वरण जास्त, म्हातारीला मऊ तळाचा, याचाच विचार डोक्यात राहील.

त्याआधी सकाळी तू पाटावर बसलेला असशील. भाचा तुला ओळखणार नाही, मोबाइलमधला माणूस आणि हा माणूस एकच हे त्याला कळायला वेळ लागेल. न्हावी पहिली बट कापेल तेव्हा तो जोरात रडेल आणि सुटायला बघेल. एका हाताने त्याचं डोकं सांभाळ, दुसरा हात छातीवरून घे, घट्ट पण फार नको. केस तुझ्या मांडीवर पडतील.

झालं की मला दोन ओळी लिही, भाच्याचं नाव काय ठेवलंय ते तू सांगितलंच नाहीस.

— तुझी ताई